लग्नाच्या साडीचं कापड: फॅमिली ग्रुपवरची चर्चा

नवरी: मंडळी, साडीचं ठरवायचंय. वैशाखातलं लग्न, तेही जळगावात. दुकानात ही पैठणी दाखवली, ८,००० ला. ‘हातमागाची, प्युअर सिल्क’ म्हणाले. घेऊ का?

मोठी मावशी: रंग सुरेख आहे गं. पण हा फोटो पुढून काढलाय. पदर उलटा करून पाठव.

नवरी: हा बघ.

मोठी मावशी: मोरामागे कातरलेल्या धाग्यांची टोकं दिसतायत ना? म्हणजे ही जॅकार्डची, यंत्राने नक्षी उठवलेली. हातमागावर प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. तो धागा आपल्या रंगापुरता जातो, शेजारच्या रंगात अडकतो आणि मागे वळतो. त्यामुळे मोर, मुनिया (पोपट), आसवली (फुलवेल) उलट्या बाजूनेही तितकीच स्वच्छ. नक्षी भरगच्च असेल तर महिने जातात. ८,००० मध्ये विणकराची मजुरीसुद्धा निघायची नाही. ‘सेमी पैठणी’, म्हणजे हातमागाची नसलेली, म्हणून विकली तर हरकत नाही, रिसेप्शनला छान दिसेल. पण हातमाग म्हणून खपवतात त्याचा मला फार राग येतो. येवल्या-पैठणच्या विणकरांच्या पोटावर पाय येतो.

मामा: आणि रेशीम खरं की खोटं, ते कसं ओळखायचं?

मोठी मावशी: सिल्क मार्कचं लेबल बघायचं. शिवाय दुकानदाराला विचारून कडेचा एक उभा आणि एक आडवा धागा काढून जाळायचा. दोन्ही बघायचे, कारण कधीकधी एकच रेशमी असतो. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो, राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते.

आजी: होमापाशी बसायचं आहे पोरीला. ते वितळणारं कापड अंगावर नको. विधींना अष्टपुत्री, सुती, मऊ. घाम टिपते.

मामा: अष्टपुत्री माझ्याकडे लागली. सुतीच आणतो.

वहिनी: आजी, सुतीसुद्धा भुरकन पेटतं हं. लाजाहोमाच्या वेळी पदर कमरेला घट्ट खोचून देऊ, मी शेजारी थांबेन.

आजी: हो, ते करच.

नवरी: पैठणी मला नऊवारी नेसायची आहे.

वहिनी: मग अंगभर जरी नको. कडक कापडाचा कासोटा फुगतो, निऱ्यांचा कमरेपाशी गठ्ठा होतो आणि दोन तासांत टोचायला लागतं. अंगावर बारीक बुट्टी असलेली घे. हातात घेऊन मूठभर निऱ्या घालून बघ, त्या सहज खाली पडल्या पाहिजेत. ब्लाउजचं अस्तर सुतीच सांग, नाहीतर टेलर चकचकीत लावतात आणि ४३ डिग्रीत जीव जातो.

नवरी: पण खरी हातमागाची बजेटमध्ये बसेल?

मोठी मावशी: किंमत पदराच्या कामावर असते. साधा नारळी काठ, पदरावर मोजकी नक्षी अशी बघ, आवाक्यात येईल. फक्त तयार पैठण्या बहुतेक सहावारी असतात. नऊवारी मागावरच सांगून घ्यावी लागेल, म्हणून आत्ताच निघायला हवं.

मामा: रविवारी सकाळी सातला निघू. येवल्याला जाऊ, गाडी मी आणतो.

काकू: मीही येते. आणि आता नऊवारीच ठरली, तर कुणी घाईने फॉल-पिकोला टाकू नका.