मदत हवी आहे : कर्णबधिर बाळाशी खुणांनी बोलावे की नाही?

देवगडची_आई
माझ्या मुलीच्या बेरा तपासणीत (आवाजाला मेंदू किती प्रतिसाद देतो ते पाहणारी ऐकण्याची तपासणी) दोन्ही कानांत दोष निघाला असून श्रवणयंत्रासाठी कानाचे साचे घेऊन झाले आहेत. तपासणाऱ्या तज्ज्ञांनी बजावले आहे की घरात खुणा अजिबात करू नका, मूल बोलायचा कंटाळा करील. माझी नणंद मुंबईला कर्णबधिर मुलांच्या शाळेत आहे आणि ती म्हणते की खुणांची भाषा आजपासून सुरू कर. शनिवारी पुढची भेट आहे आणि तोपर्यंत मला ठरवायचे आहे. कृपया सरळ सांगा, खुणा की बोलणे?

चिपळूणचा_बाबा
ताई, आपण मुलीचे वय लिहिलेले नाही आणि बेराचा आकडाही दिलेला नाही. आकडा जितका मोठा तितका ऐकण्याचा दोष जास्त, आणि ४५ डेसिबल व ९५ डेसिबल यांचे मार्ग वेगळे असतात. माझ्या मुलाचा दोष ९० च्या वर होता, दोन वर्षांचा असताना कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानाच्या आत बसवायचे ऐकण्याचे यंत्र) केले आणि आज तो साध्या शाळेत जातो. एडिप या केंद्र सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या साहाय्य योजनेत पाच वर्षांच्या आतल्या पात्र मुलांना, उत्पन्नाच्या अटीवर, हे मिळते आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ते काम पाहते. माझा सल्ला एवढाच, की आधी तिकडे जा.

देवगडची_आई
मुलगी सात महिन्यांची आहे. उजव्या कानाला ९० लिहिले आहे आणि डाव्या कानात सर्वांत मोठ्या आवाजालाही प्रतिसाद आला नाही. जन्मानंतर कानांची तपासणी झालीच नव्हती. गणपतीत आरतीच्या टाळ-मृदंगात ती शेजारीच शांत झोपून राहिली, तेव्हा सासूबाईंना शंका आली. पण इम्प्लांटबद्दल मी विचारलेले नाही.

मालवणचे_आजोबा
आमच्या नातीच्या अनुभवावरून सांगतो. आपल्याकडच्या दमट हवेत यंत्र लवकर बिघडते, म्हणून रात्री बॅटरी काढून ते सिलिका जेल असलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे, आणि पावसाळ्यात तर एकही रात्र चुकवू नये. बाळाचा कान वाढत असल्याने साचा काही महिन्यांत सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. त्या वेळी यंत्राला दोष न देता साचा नवा करून घ्यावा.

निवृत्त_विशेष_शिक्षिका
जन्मानंतर पहिल्या महिन्यात ऐकण्याची प्राथमिक चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत यंत्र व मार्गदर्शन, असा दंडक जगभर मानला जातो. आपल्याला त्याहून जरा उशीर झाला आहे, पण फार नाही. यंत्र मिळताच ते बाळ जागे असेल तितका वेळ कानात राहू द्या. खुणांमुळे बोलणे थांबते ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. भाषा मिळण्याची जी कोवळी वर्षे असतात ती रिकामी गेली तर नंतर भरून काढणे फार कठीण जाते. इम्प्लांट झाले तरी ते साधारण वर्षाच्या आसपास होईल, त्यानंतर यंत्र जुळवणे आणि ऐकायला शिकवणे यात कित्येक महिने जातात. तोपर्यंत या मुलीशी कोणत्या भाषेत बोलायचे, याचे उत्तर 'वाट पाहू' असे असू शकत नाही.

चिपळूणचा_बाबा
बाईंचा मान राखून मी असहमत आहे. आम्हाला खुणा टाळायला सांगितले होते, आम्ही त्या टाळल्या आणि मुलगा बोलू लागला. डोळ्यांना सोपी वाट मिळाली की कान कष्ट घेत नाहीत.

निवृत्त_विशेष_शिक्षिका
आपला मुलगा बोलू लागला याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु ज्यांचे कान यंत्राने किंवा शस्त्रक्रियेनेही पुरेसे जागे झाले नाहीत, ती मुले आठव्या वर्षी माझ्या वर्गात यायची, आणि आपल्याला भूक लागली आहे की पोट दुखत आहे एवढेही त्यांना सांगता येत नसे. घरच्यांनी खुणा टाळल्या होत्या आणि बोलणे आलेच नव्हते. कोणत्या मुलाचे काय होईल हे सातव्या महिन्यात कोणालाच सांगता येत नाही, म्हणून दोन्ही दारे उघडी ठेवावीत असे मी म्हणते.

कुडाळकर_काकू
ताई, घरात मालवणी बोलू नका, फक्त शुद्ध मराठी बोला, नाहीतर मूल गोंधळेल.

निवृत्त_विशेष_शिक्षिका
काकू, तसे करू नये. आई ज्या बोलीत न अडखळता लाडाने बोलते तीच बोली बाळासाठी उत्तम, मग ती मालवणी असली तरी चालेल. मात्र बाळाच्या समोर बसून, चेहरा उजेडात ठेवून बोलावे.

देवगडची_आई
आमच्याकडे खुणांचा वर्ग कुठेच नाही. मी शिकू कुठून? मला येते ते फक्त 'ये', 'नको', 'दूध' एवढेच.

निवृत्त_विशेष_शिक्षिका
त्या घरगुती खुणा आहेत. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने तयार केलेला १०,००० शब्दांचा चित्रफितींचा कोश मोबाइलवर पाहता येतो. रोज तीन शब्द घ्या, नणंदेला व्हिडिओ कॉलवर दाखवून हात तपासून घ्या, आणि सासूबाईंनाही शिकवा, कारण दिवसभर बाळ त्यांच्याकडेच असणार.

देवगडची_आई
आज 'दूध', 'आई' आणि 'झोप' घेतले आहेत. शनिवारी तज्ज्ञांना सांगेन की यंत्र पूर्ण वेळ लावू, पण खुणा थांबवणार नाही. इम्प्लांटची माहितीही त्याच दिवशी विचारेन.