संशोधनातली डिजिटल आरोग्य साधने वॉर्डापर्यंत का पोचत नाहीत?

मेधा_क

शोधनिबंध छापून येतो, एयूसी (मॉडेल आजारी आणि निरोगी यांना किती नीट वेगळे करते याचा आकडा; ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे अचूक) ०.९ च्या पुढे जातो, आणि दोन वर्षांनी ते साधन एकाही वॉर्डात दिसत नाही. डॉक्टर नवीन काही स्वीकारत नाहीत, असे त्याचे कारण सांगितले जाते. मला ते पटत नाही. घोडे पेंड खाते ते पहिल्या महिन्यात, माहिती गोळा करतानाच.

सेप्सिसचा (संसर्गाला शरीराच्या अतिरेकी प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणे) आगाऊ इशारा देणारे मॉडेल घ्या. संशोधक जुन्या नोंदी घेतात आणि लॅक्टेटच्या (सेप्सिसमध्ये वाढणारा रक्तातला घटक) तपासणीची वेळ म्हणून रक्त काढल्याची वेळ धरतात. प्रत्यक्षात नमुना प्रयोगशाळेत जातो, तपासला जातो, निकाल मंजूर होतो, आणि मग तो आकडा संगणकात उमटतो. मधे तास-दोन तास सहज जातात. कागदावर सहा तास आधी इशारा देणारे मॉडेल वॉर्डात चार तासांवर येते. याहून वाईट चूक म्हणजे 'ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी) मागवले का' हा रकाना मॉडेलला देणे. कल्चर मागवले, म्हणजे डॉक्टरांना शंका आधीच आली होती. असे मॉडेल आजार ओळखत नाही, डॉक्टरांची शंका ओळखते. एयूसी मात्र झकास येतो.

एककांचेही तेच. लॅक्टेट एका ठिकाणी मिलिमोल प्रति लिटरमध्ये, दुसरीकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. फरक सुमारे ९ पटींचा. चाचणीच्या नावावरून रकाने जुळवले आणि एकक तपासले नाही, तर ठणठणीत माणूस मॉडेलला मरणासन्न दिसतो.

म्हणून माझे मत असे, की पहिल्या दिवसापासून वैद्यकीय उपकरण बनवतो आहोत असे समजून काम करावे. साधनाचा उद्देश एका वाक्यात लिहावा: कोणता रुग्ण, कोण वापरणार, कोणत्या क्षणी, आणि उत्तर आल्यावर करायचे काय. आयएसओ १४९७१ या वैद्यकीय उपकरणांच्या धोका-व्यवस्थापनाच्या मानकाप्रमाणे धोक्यांची नोंद सुरू करावी. आयईसी ६२३०४ या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या मानकाप्रमाणे सॉफ्टवेअरचा सुरक्षा-वर्ग ठरवावा. चुकल्यास इजा संभवत नसेल तर ए, गंभीर नसलेली इजा संभवत असेल तर बी, गंभीर इजा किंवा मृत्यू संभवत असेल तर सी. बाहेरून घेतलेल्या प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती टिपून ठेवावी. 'नंतर बघू' म्हटले की सगळे पहिल्यापासून लिहावे लागते. तोवर अनुदान संपलेले असते आणि कोड लिहिणारा विद्यार्थी पदवी घेऊन गेलेला असतो.

प्रयोगघर

मेधाताई, वेळेचे आणि कल्चरचे सगळे मान्य. उपाय मात्र चुकीचा वाटतो.

संशोधन म्हणजे बहुतेक कल्पना लवकर आणि स्वस्तात बाद करणे. तीन जणांच्या गटावर दस्तऐवज-नियंत्रण, प्रशिक्षणाच्या नोंदी, पुरवठादारांची तपासणी आणि अंतर्गत ऑडिट लादले, तर जी कल्पना सहा महिन्यांत मरायला हवी ती तीन वर्षे जगते. एवढे कागद झाले आहेत म्हणून तिला सोडवतही नाही.

विद्यापीठाने उत्पादक होऊ नये, वेळेवर हस्तांतर करावे. डायबेटिक रेटिनोपॅथी (मधुमेहाने दृष्टिपटलाला होणारी इजा) शोधणारे आयडीएक्स-डीआर बघा. मूळ काम आयोवा विद्यापीठातल्या नेत्रतज्ज्ञाचे, २०१० मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी निघाली, आणि एप्रिल २०१८ मध्ये एफडीएची (अमेरिकेची औषध व उपकरण नियामक संस्था) परवानगी मिळाली. चाचणी १० प्राथमिक दवाखान्यांत ९०० जणांवर झाली. संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती सापडले) ८५ टक्के आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती बरोबर वगळले) ८२.५ टक्के या मर्यादा आधीच ठरवल्या होत्या. हाती आले ८७.२ आणि ९०.७. कॅमेरा चालवणारे लोक या कामात नवखे होते, त्यांना चार तासांचे प्रशिक्षण दिले. असली चाचणी प्रबंधाच्या मुदतीत आणि अनुदानात बसत नाही. ते कंपनीचेच काम.

संशोधकाने तीन गोष्टी कराव्यात, बस. माहितीची व्याख्या कोडसोबत ठेवावी, मॉडेल गोठवून त्याला आवृत्ती-क्रमांक द्यावा, आणि दुसऱ्या रुग्णालयाच्या नोंदींवर एकदा तपासावे. तिसरी गोष्ट सोडू नये. २०१८ मध्ये छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या मॉडेलांच्या अभ्यासात दिसले, की एक्स-रे कोणत्या रुग्णालयाचा आहे हे मॉडेलला चित्रावरूनच कळते आणि त्या आधारे ते निदानाचा अंदाज बांधू शकते.

वॉर्ड_इन्चार्ज

दोघांच्याही लिखाणात इशारा वाजल्यावर उठून जाणारी व्यक्ती कुठे दिसली नाही, म्हणून आकडेमोड मांडते.

१००० रुग्ण, त्यांत २ टक्क्यांना सेप्सिस, म्हणजे २० जण. मॉडेलची संवेदनशीलता ८० टक्के, विशिष्टता ८५ टक्के. खरे रुग्ण सापडले १६. उरलेल्या ९८० पैकी १५ टक्के, म्हणजे १४७ जणांवर खोटा इशारा. एकूण १६३ इशारे, खरे १६. दहा वेळा उठायचे, तेव्हा एकदा खरे. प्रत्येक इशाऱ्याला तापमान, रक्तदाब, श्वासगती पुन्हा मोजून डॉक्टरांना फोन करायला पाच मिनिटे धरली, तरी साडेतेरा तास होतात. ते कुणाच्या पाळीतून काढायचे, हे निबंधात लिहिलेले नसते.

इशारा वाजवण्याचा उंबरठा वर नेला, विशिष्टता ९५ झाली आणि संवेदनशीलता ६० वर आली असे समजू. आता ६१ इशारे, खरे १२. दर पाचात एक खरा. वॉर्डाला हे चालवता येते, पण चार रुग्ण हातचे गेले. हा सौदा किती आणि कसा करायचा हे संगणकशास्त्राच्या विभागात ठरवू नये. वॉर्डातल्या परिचारिका आणि डॉक्टर समोर बसून उंबरठा ठरला पाहिजे, आणि तोही साधन तयार झाल्यावर नव्हे, आधी.

प्रयोगघर, तुमच्या रेटिनोपॅथीच्या उदाहरणाला जोड देते. गूगलचे तसेच साधन थायलंडमधल्या ११ दवाखान्यांत वापरताना काय झाले, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे २१ टक्के छायाचित्रे यंत्रणेने 'तपासण्याजोगी नाहीत' म्हणून परत केली. डोळ्याची बाहुली मोठी व्हायला खोलीत अंधार लागतो, आणि अंधारी खोली सगळीकडे नव्हती. इंटरनेट मंद असल्याने छायाचित्र चढायलाच वेळ लागे, रांग खोळंबे. परत आलेल्या छायाचित्राच्या रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवायचे ठरलेले होते, मग परिचारिकेला साधा डोळा दिसत असला तरी त्याला दुसऱ्या दिवशी लांब जावे लागणार. मॉडेलमध्ये चूक नव्हती. खोलीला पडदा नव्हता.

मेधा_क

इन्चार्जताई, पडद्याचा मुद्दा माझ्या 'उद्देशाच्या वाक्यात' यायला हवा होता. 'कोणत्या क्षणी' एवढेच नाही, 'कोणत्या जागी' हेही लिहायचे. ही दुरुस्ती मी मान्य करते.

तुमच्या आकडेमोडीचे उत्तर मूक चाचणीत आहे. मॉडेल खऱ्या, चालू माहितीवर लावायचे, उत्तर नोंदवून ठेवायचे, पण कुणालाही दाखवायचे नाही. निदान तीन महिने, म्हणजे रात्रपाळी, सुट्ट्या, कर्मचाऱ्यांची बदली हे सगळे येऊन जाते. त्या काळात रोज मोजायचे: किती इशारे उठले, किती वेळा एखादे मूल्य आलेच नाही, मूल्य आल्यापासून उत्तर निघेपर्यंत किती मिनिटे लागली, आणि इशारा येण्याआधीच किती रुग्णांना प्रतिजैविक सुरू झाले होते. शेवटचा आकडा सर्वांत बोलका. इशारा येतो तोवर निम्म्या रुग्णांचे उपचार चालू झाले असतील, तर साधन गुंडाळून ठेवावे, एयूसी कितीही असो.

प्रयोगघर, कल्पना स्वस्तात बाद करायची जागा हीच. ती गाठायला चालू माहितीचा प्रवाह लागतो, एफएचआयआरच्या (आरोग्य-नोंदींच्या देवाणघेवाणीचे मानक) रूपात मिळाला तर उत्तम. तो मागायला गेलात की रुग्णालयाचा माहिती विभाग पहिला प्रश्न विचारतो: सुरक्षेची जबाबदारी कुणाची, धोक्यांची नोंद कुठे आहे? म्हणजे माझे कागद तुमच्या पहिल्याच पायरीला लागतात.

नियमवाचक

'कंपनीकडे द्या' आणि 'स्वतः करा' यांच्या मधली एक वाट सुटली आहे.

युरोपीय संघाचा वैद्यकीय उपकरण नियम २०१७/७४५, २६ मे २०२१ पासून लागू. त्याचा ११ वा वर्गीकरण-नियम सांगतो, की निदान किंवा उपचाराच्या निर्णयासाठी माहिती देणारे सॉफ्टवेअर किमान २-अ वर्गात जाते. मग स्वतःच प्रमाणित करून चालत नाही, मान्यताप्राप्त तपासणी संस्था लागते. पण कलम ५(५) आरोग्य संस्थेला स्वतःपुरते उपकरण घडवू आणि वापरू देते. अटी आहेत: दुसऱ्या कायदेशीर संस्थेला द्यायचे नाही, औद्योगिक प्रमाणावर बनवायचे नाही, गुणवत्ता-व्यवस्था हवी, आणि ही गरज भागवणारे तुल्यबळ साधन बाजारात नाही याचे समर्थन लिहून ठेवायचे.

पुष्कळ गट इथे घसरतात. साधन विद्यापीठाचे, वापर रुग्णालयाचा, आणि दोन्ही कायद्याने वेगळ्या संस्था. एकाच आवारात आहोत म्हणून सवलत लागू होईल असे धरून चालतात, आणि सुरू करायच्या महिन्यात वकील थांबवतो.

पैशाचेही पहिल्याच वर्षी विचारा. जर्मनीने २०१९ च्या कायद्याने आरोग्य-अ‍ॅप डॉक्टरांना लिहून देता येतील आणि विमा पैसे देईल अशी सोय केली. पुरावा अपुरा असेल तर १२ महिन्यांची तात्पुरती नोंदणी मिळते, तेवढ्यात फायदा सिद्ध करायचा. उलट बाजूला पेअर थेरप्युटिक्स. व्यसनमुक्तीच्या त्यांच्या रीसेट अ‍ॅपला एफडीएने २०१७ मध्ये परवानगी दिली, आणि एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. परवानगी होती, डॉक्टर लिहूनही देत होते, विम्याचे पैसे पुरेसे येत नव्हते. कंपनीकडे दिले म्हणजे साधन जगले, हे गृहीतक टिकत नाही.

प्रयोगघर

कंपनी हा हमखास उपाय नाही, हे मान्य. रुग्णालयांना नोंदींचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एपिक कंपनीच्या सेप्सिस मॉडेलची मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात झालेली तपासणी २०२१ मध्ये छापून आली: एयूसी ०.६३, सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के निसटले, आणि इशारे मात्र १८ टक्के दाखल रुग्णांवर वाजले. ते तर कंपनीचेच होते आणि शेकडो रुग्णालयांत चालू होते.

पण मेधाताई, मूक चाचणीनंतरच्या दुसऱ्या वर्षाचे काय? सर्व्हरचे प्रमाणपत्र संपते, प्रयोगशाळा यंत्र बदलते, एका चाचणीचे नाव बदलते आणि रकाना रिकामा येऊ लागतो. मॉडेल बंद पडत नाही, रिकाम्या जागी सरासरी भरून मुकाट्याने चुकत राहते. विद्यापीठात हे पाहायला पगारी माणूस नसतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सेप्सिस यंत्रणेचे उदाहरण कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगतो. पाच रुग्णालये, २०२२ चे निष्कर्ष, तीन तासांत इशाऱ्याची दखल घेतलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण सापेक्ष १८.७ टक्क्यांनी कमी. काम उत्तमच. पण ती यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडलेली) चाचणी नव्हती. ज्यांची दखल लवकर घेतली जाते ते रुग्ण मुळात वेगळे असू शकतात. आणि विस्तारासाठी त्यांनाही कंपनी काढावी लागली.

वॉर्ड_इन्चार्ज

दुसऱ्या वर्षाचा प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर 'कंपनी' किंवा 'विद्यापीठ' असे नाही. मिशिगनचेच बघा. एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या रुग्णांमुळे ताप आणि जिवाणूसंसर्ग यांचे जुने नाते बदलले, खोटे इशारे वाढले, आणि रुग्णालयाने ते मॉडेल बंद केले. बनवणारे कोण होते याने फरक पडला नाही. बंद करण्याचा अधिकार असलेले लोक रुग्णालयात होते, म्हणून ते बंद झाले.

साधन वॉर्डात घेण्याआधी मला तीन ओळी लेखी हव्यात. दर आठवड्याला इशाऱ्यांची संख्या आणि रिकाम्या रकान्यांचे प्रमाण कोण बघणार, नावानिशी. कोणत्या आकड्याला ते थांबवायचे. उदाहरणार्थ, इशारे मूक चाचणीतल्या सरासरीच्या दुप्पट झाले तर. आणि रात्री दोन वाजता बंद करायचे असेल तर फोन कुणाला.

प्रयोगघर

तिसऱ्या ओळीत प्राध्यापकांचा नंबर लिहिलेला असेल, तर ते साधन घेऊ नका.

मेधा_क

यावर आपले एकमत आहे. वाद फक्त त्या माणसाचा पगार कुठून यायचा याचा उरला. माझे म्हणणे, तो मूळ अनुदानाच्या अर्जातच दोन वर्षांसाठी वेगळा मागावा, आणि अर्ज तपासणाऱ्यांनी ती ओळ नसेल तर अर्ज परत करावा.

प्रयोगघर

अनुदान देणारे देखभालीला पैसे देत नाहीत, नव्या शोधाला देतात. ती ओळ पहिल्या छाननीतच कापली जाईल. तो पगार रुग्णालयाच्या बजेटात पाहिजे, आणि रुग्णालयाला पगार द्यावासा वाटत नसेल तर त्याला ते साधन नको आहे, असे मी समजेन.