एफवाय बीएस्सीचं बायॉलॉजी: तुमचे अनुभव लिहा

गव्हाळी
भाचीने यंदा बीएस्सीला अ‍ॅडमिशन घेतलीय. परवा आली ती थेट किचनमध्ये, ग्लास काठोकाठ भरला आणि त्यावर कांदा ठेवला, बूड जेमतेम पाण्याला टेकेल असा. सासूबाई म्हणे हे काय नवीन. मी लगेच ओळखलं, मायटॉसिसचं, म्हणजे पेशी विभागताना बघायचं प्रॅक्टिकल!! मग काय, सगळं धडाधडा आठवलं. कांद्याला मुळं फुटली की त्यांची टोकं सकाळी तोडायची कारण तेव्हा पेशी जास्त विभागत असतात, मग अल्कोहोल-अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये टाकायची, एचसीएलमध्ये मऊ करायची, अ‍ॅसिटोकार्माइन या लाल रंगाचा थेंब, स्पिरिट लॅम्पवरून स्लाइड नुसती फिरवायची, उकळू द्यायची नाही. वर कव्हरस्लिप, टिपकागद आणि अंगठ्याने दाब. कव्हरस्लिप सरकली की संपलं, पेशी एकमेकींवर चढतात. बोटं दोन दिवस लाल. तुमच्याही आठवणी लिहा, कुठल्याही कॉलेजच्या.

टेकडीवाला
मेटाफेज दिसला का कधी, म्हणजे क्रोमोसोम पेशीच्या मधोमध रांगेत आलेली? आम्हाला नुसता इंटरफेज, विभाजन सुरूच न झालेल्या पेशी. एक जुनी परमनंट स्लाइड होती, अख्ख्या बॅचने तीच बघून जर्नल भरलं. कांद्याची १६ क्रोमोसोम मोजून दाखवणाऱ्याचा मी सत्कार करीन.

पेठकरीण
कुकर लावलाय त्यामुळे थोडक्यात. आमच्याकडे ड्रॉसोफिला होत्या, म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्याच चिलटांसारख्या माश्या. त्यांचं खाणं आम्हीच शिजवायचो, रवा गूळ आणि अगर, बुरशी येऊ नये म्हणून वरून प्रोपिऑनिक अ‍ॅसिड. ते घालेपर्यंत लॅबमध्ये शिऱ्याचा घमघमाट, सकाळी उपाशी आलेल्यांचे हाल. मग माश्यांना बेशुद्ध करायला इथर देऊन ब्रशने नर-मादी वेगळे करायचे, नराचं पोट मागे काळं असतं. इथर जास्त झालं की पंख अंगापासून उभे राहतात, म्हणजे ती गेली. पहिल्या दिवशी आमच्या टेबलावर सगळ्यांचे पंख उभे. मॉर्गन या शास्त्रज्ञाला १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला आणि त्यावर केवढं जेनेटिक्स उभं राहिलं, आमच्याकडे तो आला असता तर त्याच दिवशी इथरने वारला असता. तीन शिट्ट्या झाल्या, जाते.

सम्या_डेक्कन
जेवताना वाचतोय. धन्यवाद.

रानजाई
मी जुन्नरकडची. दहावीपर्यंत मराठी मीडियम, एफवायला वर्गात तोंड उघडायची चोरी. पावसाळ्यात बॉटनीची एक्स्कर्शन सिंहगडला गेली, मॅडम रस्त्याच्या कडेला थांबून विचारायला लागल्या हे कुठलं, ते कुठलं. टाकळा, कुर्डू, आघाडा, आमच्या बांधावरचंच सगळं! मी गावची नावं सांगायचे, मॅडम लॅटिन सांगायच्या. कॅसिया टोरा म्हणजे आपला टाकळा निघाल्यावर मी त्याची भाजी कशी करतात तेही सांगून टाकलं, कोवळा पाला, लसूण आणि वरून खोबरं. परत येताना बसमध्ये शेजारी बसायला भांडणं. हर्बेरियमला, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या नमुन्यांच्या वहीला, तर माझ्या खोलीवर रांग. दडपण गेलं ते त्या दिवसापासून.

मुठाकाठ
@रानजाई, टाकळ्याची भाजी आता मंडईत पण येते पहिल्या पावसात, भाव विचारू नका.

अर्धाकच्चा
आमच्या वेळी झुरळ स्वतःचं स्वतः आणायचं होतं. हॉस्टेलला असल्याने माल मुबलक, एक चहा एक झुरळ असा रेट चालायचा. आता यूजीसीने २०१४ मध्ये डिसेक्शन बंदच करायला सांगितलं. बरं झालं एका अर्थी. बेडूक मी केला होता, त्याचं हृदय बराच वेळ उडत होतं, ते बघून माझा पार्टनर कॉमर्सला गेला. खरंच गेला.

सई_क
कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्या वर्गात निम्मे लोक मेडिकलची वाट बघत बसलेले. प्रत्येक अ‍ॅडमिशन राउंडनंतर एकेक बाक रिकामा, कालपर्यंत डबा शेअर केलेली मुलगी आज बीएएमएसला. दिवाळीपर्यंत उरलो ते आम्ही. सगळे विचारायचे "मग पुढच्या वर्षी परत देणार का?" मला बॉटनीच आवडायची हो, कोणाला पटतच नव्हतं.

गव्हाळी
@सई_क अगदी अगदी. माझ्या भाचीला पण हेच ऐकावं लागतंय रोज.

टेकडीवाला
सेक्शन कटिंग विसरलात सगळे. खोड बटाट्यात खोचून अर्ध्या ब्लेडने सटासट कापायचं, वॉचग्लासमधल्या पाण्यात चकत्या सोडायच्या आणि जी दिसत पण नाही ती ब्रशवर उचलायची, तीच खरी. मक्यात बंडल (पाणी-अन्न वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे) विखुरलेले, सूर्यफुलात गोल रिंगणात. परीक्षेत शेजाऱ्याला माझी जास्तीची चकती दिली, त्याला माझ्यापेक्षा मार्क जास्त.

मुठाकाठ
स्पायरोगायरा (ते हिरवं शेवाळ) आणायला पाषाण तलावावर कोण जायचं? आता बघावं तेव्हा जलपर्णीच.

पेठकरीण
आले परत. भात करपला. कोणाकडे जुना डिसेक्शन बॉक्स आहे का? शेजारच्या मुलाला सेक्शनसाठी हवाय, नवीन कशाला घ्यायचा.

सई_क
माझा आहे पण कात्री आईने शिवणाला घेतली, चिमटा माझ्या भुवयांना. सुया आणि ब्रश शिल्लक.

पेठकरीण
चालेल, ब्लेड तो आणेल. कोथरूडात राहता का कुठे?

सई_क
कर्वेनगर. संध्याकाळी सातनंतर या, त्याआधी पाणी भरायचं असतं.