फोर्ट कोचीतला मुक्काम: माहीतगारांनी लिहावं

फोर्ट कोची, म्हणजे केरळातल्या कोचीचा जुना किनारी भाग, दिवसभरात आटपून रात्री पलीकडच्या एर्नाकुळमच्या हॉटेलात परतायचं, असा बहुतेकांचा बेत असतो. त्यात पहाट आणि दिवेलागण, म्हणजे या गावाचे दोन्ही उत्तम प्रहर, हातचे जातात. दोन-तीन रात्री राहणाऱ्यांना उपयोगी पडेल असं लिहा. वाट, वार, खोली, खरेदी आणि कुठे चुकतं ते.

एर्नाकुळममध्ये राहणाऱ्यांकडून

नेत्रावती, मंगला किंवा पुण्याहून येणारी पूर्णा, कुठल्याही गाडीने आलात तरी एर्नाकुळम जंक्शनला उतरा. इथे त्याला सगळे ‘साउथ’ म्हणतात. ‘टाउन’ म्हणजे ‘नॉर्थ’, ते वेगळं स्टेशन. रिक्षावाल्याला ‘बोट जेट्टी’ एवढंच सांगा, अंतर दोनेक किलोमीटर आहे. तिथून सरकारी बोट वीसेक मिनिटांत फोर्ट कोचीला सोडते आणि तिकीट अगदी किरकोळ असतं. फोर्ट कोचीशेजारच्या मट्टानचेरीची बोटही याच धक्क्यावरून सुटते, म्हणून चढण्याआधी विचारा. सोबत वयस्कर माणसं किंवा जड बॅगा असतील तर हायकोर्टच्या टर्मिनलवरून वॉटर मेट्रो घ्या. ही सेवा 2023 मध्ये सुरू झाली आणि 2024 पासून फोर्ट कोचीलाही जाते. बोटीची पातळी धक्क्याशी जुळते, त्यामुळे पाय उचलून उडी मारावी लागत नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र रांग मोठी असते.

रस्त्याने तोप्पुंपडीवरून वळसा पडतो आणि संध्याकाळी वाहतूक तुंबते. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या वेगळ्या वेळापत्रकाने आणि हळू चालतात. गाडी रात्री पोहोचणार असेल तर शेवटची बोट निघून गेली असं धरूनच चला आणि टॅक्सी आधी ठरवा. बोटीतून दिसणारं विलिंग्डन बेट निसर्गाने घडवलेलं नाही. बंदर खोल करताना इंग्रज अभियंते रॉबर्ट ब्रिस्टो यांच्या देखरेखीखाली उपसलेल्या गाळाची ती भर आहे.

जुन्या घरांची दुरुस्ती करणाऱ्यांकडून

खोली निवडताना फोटोतल्या पलंगापेक्षा भिंत बघा. इथली जुनी घरं जांभ्याची, वर चुन्याचा गिलावा. चुना ओल घेतो आणि परत सोडतो, म्हणून अशी भिंत खाऱ्या, दमट हवेतही टिकते. डागडुजीत त्यावर सिमेंट आणि प्लास्टिक रंग चढवला की ओल आत कोंडते, क्षार बाहेर येतात आणि पोपडे सुटतात. जमिनीपासून दोन-तीन फुटांचा पट्टा तपासा, कपाट उघडून वास घ्या. कुबट वास आला तर खोली बदला. एसी लावून तो वास जात नाही. जून ते सप्टेंबर वरच्या मजल्यावरची, समोरासमोर खिडक्या असलेली खोलीच मागा. मात्र वरचे मजले लाकडी तक्तपोशीचे असतात, तिथे पावलांचा आवाज खाली येतो आणि जिने उभे असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी हे फोनवरच विचारावं.

होमस्टेला केरळच्या पर्यटन खात्याचं डायमंड, गोल्ड किंवा सिल्व्हर वर्गीकरण आहे का, हेही विचारा.

वारांबद्दल

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. मट्टानचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. परदेसी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी आणि ज्यूंच्या सणांना बंद, शुक्रवारीही लवकर बंद होतं. म्हणजे शुक्रवार-शनिवार आलेल्याला दोन्ही धड मिळत नाहीत. रविवारी सकाळी सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये प्रार्थना असते. सोमवार ते गुरुवार यावं. सिनेगॉग 1568 चं आहे, दुपारी ते बंद ठेवतात, म्हणून सकाळीच जा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चपला बाहेर काढायच्या, कारण जमिनीवर चीनमधून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या फरशा आहेत. राजवाडा पोर्तुगीजांनी 1555 च्या सुमारास कोचीच्या राजाला बांधून दिला, 1663 नंतर डचांनी दुरुस्त केला, म्हणून नाव ‘डच पॅलेस’. आतल्या शयनगृहातल्या रामायणाच्या भित्तिचित्रांना निवांत अर्धा तास द्या. सेंट फ्रान्सिसमध्ये वास्को द गामाची समाधिशिला आहे. तो इथे 1524 मध्ये वारला, अवशेष 1539 मध्ये पोर्तुगालला नेले.

चिनी जाळी बघायला जाणाऱ्यांसाठी

किनाऱ्यावर वाशांना टांगलेली मासेमारीची ही मोठी जाळी. सूर्यास्ताला तिथे फक्त गर्दी दिसते. पहाटे जा, तेव्हा काम दिसतं. एका जाळ्यावर चार ते सहा माणसं लागतात. मुख्य वाशावरून एक जण पुढे चालत गेला तरी त्याच्या भाराने जाळं पाण्यात उतरतं. काही मिनिटांनी दोर ओढून ते उचलतात. मागे वेगवेगळ्या लांबीच्या दोरांना फूटभर जाडीचे दगड टांगलेले असतात. जाळं वर येईल तसे ते एकेक करून खालच्या फळ्यांवर टेकतात आणि तोल राखतात. ते दगड टेकताना बघणं हीच खरी मौज. जलपर्णी वाहून आली की जाळं जड होतं, काम थांबतं. दोर ओढू दिला तर पैसे द्यायचे असतात, रक्कम आधी ठरवा. शेजारी मासे घेऊन शिजवून मिळतात, पण वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि शिजवण्याचे वेगळे किती, हे काट्यावर ठेवण्याआधी बोलून घ्या. इथे पोहू नका. बंदराचं तोंड आहे, पाण्याला ओढ असते.

कोकणीभाषकांकडून एक भर

मट्टानचेरीजवळच्या चेर्लाईत पोर्तुगीज काळात गोव्यातून आलेल्या गौड सारस्वतांची वस्ती आणि त्यांचं तिरुमल देवस्वम मंदिर आहे. पुरुषांनी सदरा काढून आत जायचं असतं. इथली कोकणी मल्याळम वळणाची, पण हळू बोललात तर मराठी माणसाला कळते. कोचीचा डच गव्हर्नर व्हान रेडे याने ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा वनस्पतींचा बारा खंडी ग्रंथ सिद्ध करवला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांची 1675 ची साक्ष नागरी लिपीत छापलेली आहे. कोचीतल्या कामातली ही नागरी अक्षरं तीनशे वर्षांहून जुनी आहेत. ही गोष्ट मराठी प्रवाशांना क्वचितच सांगितली जाते, सांगायला हवी.

हंगाम

डिसेंबर ते मार्च हवा उत्तम. ज्या वर्षी बिएनाले हे मोठं कलाप्रदर्शन असतं तेव्हा खोल्यांचे दर चढतात. 31 डिसेंबरच्या रात्री पप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा, पुतळा जाळतात. त्या दिवशी वाहनं अडवतात आणि मध्यरात्रीनंतर बाहेर पडणं अवघड होतं. सोबत लहान मुलं असतील तर ही तारीख टाळा.

मसाले घेणाऱ्यांसाठी

रिक्षावाला स्वतःहून नेईल त्या दुकानात त्याची दलाली किमतीत असते. बाजार रोडवर पायी फिरा. ‘तेल्लिचेरी’ हा मिरीच्या दाण्याच्या आकाराचा दर्जा आहे, दाणा सव्वाचार मिलिमीटरहून मोठा हवा. पाण्यात चिमूटभर टाकून बघा. भरीव मिरी तळाला जाते, पोचट मिरी आणि भेसळीच्या पपईच्या बिया तरंगतात. कुडमपुळी जरूर घ्या. आपल्या कोकमाचीच ही बहीण, पण धुरावर वाळवलेली, काळी आणि लवचीक. कडक झालेली जुनी असते. अर्धा किलो माशाला तीन-चार पाकळ्या पुरतात. धुऊन वीस मिनिटं कोमट पाण्यात भिजवायच्या आणि त्या पाण्यासकट कालवणात टाकायच्या.