मदत हवी आहे: जुन्या किमोनोचं जॅकेट शिवलंय, काखेत कापडच जातंय

खारीबिस्किट
शिवणकामातल्या जाणकारांनो पटकन सांगा. जुना किमोनो उसवून त्याचं जॅकेट शिवलंय, पॅटर्न नेहमीचाच, आणि हात जरा वर केला की काखेत चर्र. शिवण उसवत नाहीये, शिवणीला लागून जे कापड आहे ते जाळीसारखं पसरतंय. कुठली सुई, कुठला दोरा एवढंच सांगा. पुढच्या शनिवारी घालायचंय. आणि प्लीज 'टेलरकडे द्या' असं सांगू नका, इथे टेलर काय घेतात ते मला माहितीये.

सुईदोरा
इथे म्हणजे कुठे? कापड कुठलं? अस्तर आहे का? शिवायच्या आधी धुतलं होतं का? टाका किती बारीक?

खारीबिस्किट
किमोनो म्हटल्यावर सिल्कच असणार ना. जांभळ्यावर पोपटी मोठी मोठी फुलं आहेत. फोटो चढत नाहीये. सुईचं सांगा ना कोणीतरी.

नाशिकचा_पप्पू
एक लक्षात ठेवा, किमोनो घालताना डावी बाजू वर घ्यायची. उजवी वर फक्त मयताला घेतात. बरेच भारतीय फोटोत चुकतात.

सुईदोरा
पप्पू, जॅकेट आहे ते. बटणं असतील.

ओसाकाची मावशी
किमोनो म्हणजे सिल्कच असं काही नाही हं. सुती असतो, हेंपचा असतो, साठच्या दशकातले लोकरीचे तर इथल्या जुन्या बाजारात ढिगाने मिळतात, पॉलिएस्टरही असतो. आधी कडेचे दोन धागे काढ आणि जाळून बघ. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर रेशीम.

पुराव्याने शाबीत
चूक. लोकरीलाही तोच वास येतो. जाळून फक्त प्राणिज की नाही एवढंच कळतं.

ओसाकाची मावशी
अहो, लोकर आणि रेशीम हाताला कळत नाही का? असो. खारी, कापड उलटं करून बघ, फुलं दोन्हीकडून सारखीच गडद दिसतात का? आणि फुलांच्या कडा जरा फिसकटल्यासारख्या आहेत का?

खारीबिस्किट
हो!! दोन्हीकडून सेम, मला उलट-सुलट कळतच नव्हती. कडा पाणी लागल्यासारख्या. मी जपानात, टोकियोशेजारच्या सैतामात राहते. पॉलिएस्टर दोरा, टाका एकदम बारीक ठेवलाय, मजबूत राहावं म्हणून.

कोष्टीवाडा
मग ते मेइसेन आहे. आमच्या घरात तीन पिढ्या माग आहे म्हणून हा प्रकार मुद्दाम शोधून वाचला होता. ताण्याचे (उभे) धागे आधी तात्पुरत्या बाण्याने (आडव्या धाग्याने) सैलसर विणून घेतात, त्यावर स्टेन्सिलने रंग छापतात, मग मागावर तो कच्चा बाणा काढत काढत खरा बाणा घालत जातात. म्हणजे रंग कापडावर नसून धाग्यातच, म्हणून दोन्ही बाजू सारख्या, आणि विणताना ताणा केसभर सरकतो म्हणून कडा फिसकटतात. इसेसाकी, आशिकागा, चिचिबु, हाचिओजी ही त्याची गावं. १९२०-३० च्या काळात पोरी रोज घालायच्या असं स्वस्त रेशीम. सुरुवातीला तर दोन किड्यांनी मिळून केलेल्या दुहेरी कोषांचं, म्हणजे बाजारात कमी भावाने जाणारं सूत वापरायचे. त्यामुळे तुमचं कापड नव्वदेक वर्षांचं असू शकतं. वीण साधी, धागा गुळगुळीत, ताण आला की धागे शिवणीपासून बाजूला सरकणारच. सुई बदलून काय होणार?

पुणेरी_चकली
मुळात कापायचा कशाला? शंभर वर्षं जुनी कारागिरी आणि लोक त्यावर कात्री चालवतात. भिंतीवर लावा.

ओसाकाची मावशी
चकली, जपानी घरांत आजीचे किमोनो कपाटंच्या कपाटं भरून पडलेत, भिंती कुठून आणायच्या? आणि किमोनो मुळात उसवायलाच शिवलेला असतो. कापडाची पट्टी जेमतेम ३६-३८ सेंमी रुंद, सगळे तुकडे सरळ आयत, गोल काप कुठेच नाही. पूर्वी पूर्ण उसवून, तुकडे पुन्हा एकाला एक जोडून सलग पट्टी करायचे, धुवायचे, बांबूच्या काड्यांवर नाहीतर फळीवर ताणून वाळवायचे आणि पुन्हा शिवायचे. आराइहारी म्हणतात. अजून करून देणारे आहेत, कमी झालेत पण आहेत. माझ्या ओळखीच्या आजी करतात, त्यांच्या काड्यांना टोकाला बारीक सुया आहेत, कापडाच्या काठात टोचल्या की काडी कमानीसारखी वाकते.

आता खारी, तुझं खरं दुखणं. तू गोल मुंढा (बाही जोडायचा काप) कापून घट्ट बाही बसवलीस ना? किमोनोत तो ताण येतच नाही, बायकांच्या किमोनोत तर काखेखाली बाही अंगाला जोडलेलीच नसते, उघडी ठेवतात. आणि शिवण हाताची, साधा धावदोरा, रेशमाला रेशमी दोरा. ओढ बसली तर दोरा तुटला पाहिजे, कापड नाही. दोरा परत घालता येतो. तू दोरा कापडापेक्षा दणकट घेतलास आणि टाके इतके जवळ मारलेस की पोस्टाच्या तिकिटासारखी फाडायची रेघच आखून दिलीस.

जुगाडू
एवढं काय त्यात, मागून फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर मारा. इस्त्री फिरवली की काम खल्लास.

सुईदोरा
अजिबात मारू नका. जुन्या रेशमावर फ्युजिंग म्हणजे पुठ्ठा, कापडाचा मऊपणाच जातो. आणि नंतर निघत नाही. आतून तलम मलमल लावा, कडेने हाताने टाचून, म्हणजे ताण मलमल घेईल.

जुगाडू
हलकं फ्युजिंगही मिळतं हो. मी आईच्या लुगड्याचं ब्लेझर असंच केलंय, मस्त आहे.

सुईदोरा
किती वेळा धुतलंत?

भटक्या_विमुक्त
जुन्या रेशमाचा विषय निघालाच आहे तर जपानच्या अमामी ओशिमा बेटावर जाऊन या लोकहो. तिथे शारिनबाई नावाच्या झाडाचं लाकूड उकळून त्या रंगात रेशीम परत परत बुडवतात आणि मग चक्क चिखलात उभं राहून सूत घोळतात. झाडातलं टॅनिन आणि चिखलातलं लोह मिळून तो काळा-तपकिरी रंग येतो. कारागीर कमरेत वाकून तासन् तास, बघूनच आपली पाठ धरते.

पुराव्याने शाबीत
आणि लोहच कापड खातं. आपल्याकडच्या जुन्या छिटांवर बघा, काळ्या रेघा आधी झडतात, बाकी कापड शाबूत.

भटक्या_विमुक्त
ओशिमाचं हे रेशीम पिढ्यान् पिढ्या वापरतात तिकडे. बघून आलोय मी.

खारीबिस्किट
माझ्या जांभळ्याला चिखल लागलेला नाही. मुद्द्यावर या ना प्लीज. मुंढा कापून झालाय, आता काय करू?

ओसाकाची मावशी
बाही काढ. काखेत ८-१० सेंमीचा चौकोनी कळीचा तुकडा घाल, झब्ब्याला असतो तसा. त्यासाठी कापड किमोनोच्या मागच्या बैठकीतलं घेऊ नको, तिथे सगळ्यात जास्त झिजतं. कमरेपाशी आत दुमडलेला भाग असतो, उंची वाढवता यावी म्हणून ठेवलेला, त्याला ऊन लागलेलं नसतं. उजेडासमोर धर, दोन अंगठ्यांनी हलकेच ताणून बघ, टिकलं तर वापर. रेशमी दोरा, बारीक सुई, टाका ३ मिमीच्या आसपास, शिवणीला माया (शिवणीबाहेरचं कापड) जास्त सोड, आत मलमल. आणि सैतामातच आहेस तर चिचिबुला मेइसेनचं संग्रहालय आहे, टोकियोतल्या इकेबुकुरोहून सेइबु रेल्वेने सरळ जाता येतं.

खारीबिस्किट
तो दुमडलेला भाग सापडला, रंग बघून वेडी झाले, बाहेरच्यापेक्षा कितीतरी गडद! कळी कापतेय. मलमल इथे कुठे मिळेल?

जुगाडू
निप्पोरीला. टोकियोत अख्खा रस्ता कापडाच्या दुकानांचा आहे. फ्युजिंगही मिळेल 😀

पुणेरी_चकली
उरलेले तुकडे टाकणार असाल तर मला हवेत. पोस्टाचा खर्च मी देईन.

नाशिकचा_पप्पू
जाळून बघितलंत का? वास कसला आला ते सांगितलंच नाहीत.