मनाली-लेह की श्रीनगर-लेह? मित्राशी एकमत होत नाहीये

जुलैअखेर मी आणि माझा मित्र गाडीने लेहला निघतोय, दोघंच, आलटून पालटून चालवणार. त्याचं म्हणणं मनालीवरून जाऊ, अटल टनेलमुळे रोहतांगची खिंड चढावी लागत नाही, सर्चूला एक रात्र तंबूत काढली की दुसऱ्या दिवशी लेह. मला उंचीवरच्या विरळ हवेच्या त्रासाची खरंच धास्ती वाटते म्हणून मी श्रीनगरवर अडून बसलोय. अंतर दोन्हीकडून सव्वाचारशे किमीच्या आसपासच आहे. दोन्ही रस्ते केलेल्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १
जाताना श्रीनगर, येताना मनाली, यात दुसरा विचारच नको. दिवसा किती उंच चढलात यापेक्षा रात्री कुठे झोपताय ते बघा. श्रीनगर साधारण १,६०० मीटर, कारगिल २,७००, मग लेह ३,५००. मधे फोटू ला (ला म्हणजे खिंड) ४,१०८ मीटर लागतो खरा पण तो ओलांडून तुम्ही लगेच खाली उतरता. मनाली २,०५० आणि सर्चू जवळजवळ ४,३००, म्हणजे एका दिवसात दुपटीहून जास्त! शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही आणि दुसऱ्या दिवशी परत तांगलांग ला, ५,३०० च्या वर, तिथे हवेतला ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो.

प्रतिसाद २
मित्राची बाजू मी घेतो :) वाळवंट बघायचं तर मनालीचाच रस्ता. बारालाचा ही खिंड ओलांडली की हिरवं संपतं, पावसाचे ढग अलीकडेच अडतात. गाटा लूप्सची २१ वळणं, आणि पांगच्या पुढे मोरे प्लेन्स, दोन्हीकडे तपकिरी-जांभळे डोंगर आणि मधून सरळसोट रस्ता, मी तिथे गाडी बाजूला लावून नुसता बसून राहिलो होतो. फक्त पहिली रात्र सर्चूच्या आधी जिस्पाला काढा, ३,२०० च्या आसपास आहे, जमलं तर दोन रात्री. टांडीला टाकी फुल्ल करा. आणि नाले सकाळीच पार करा, ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्याला लागतं.

प्रतिसाद ३
सर्चूबद्दल एक गोष्ट कुणी बोलत नाही. उंची लागली तर उपाय एकच, खाली उतरणं. पण सर्चूच्या एका बाजूला बारालाचा, दुसऱ्या बाजूला नकी ला आणि लाचुंग ला, म्हणजे कुठेही पळा, आधी चढायलाच लागतं. रात्री दोन वाजता त्रास सुरू झाला तर काय कराल?
दोघंच आहात म्हणून निघायच्या आधी एवढं ठरवून घ्या की ज्याला त्रास होतोय त्याने निर्णय घ्यायचा नाही, दुसऱ्याने घ्यायचा. ज्याला लागते तो "मी ठीक आहे रे" म्हणत राहतो. डोकं दुखतंय, उलटीसारखं होतंय तर आणखी वर जायचं नाही. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालायला सांगा, झोक जात असेल तर वाद न घालता लगेच खाली. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. सिम पोस्टपेड घ्या, बाहेरचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
सगळं मित्राला वाचायला दिलं. सर्चूचं वाचून तो गप्पच झाला, जाताना श्रीनगर फायनल! येताना मात्र मोरे प्लेन्स हवंच म्हणतोय. तेव्हा सर्चूला राहिलं तर चालेल का?

प्रतिसाद ३
लेहला आठवडाभर राहून काही त्रास झाला नसेल तर चालेल. तरी मी म्हणेन पहाटे निघा, आणि उजेडात जिस्पा गाठता येत असेल तर तिथेच उतरा.