कळमन्याच्या संत्रा दराचा डेटा आर मध्ये घेतला, दर आणि तारखा दोन्ही गडबडल्या, मदत करा

संत्रा_प्रोजेक्ट (प्रश्न)

नमस्कार मंडळी, एमएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या प्रोजेक्टसाठी नागपूरच्या कळमना मार्केटातल्या संत्र्याच्या दरावर काम करून राहिलो, आकडेमोड आर या संगणक भाषेत. अंबिया बहार आणि मृग बहार (संत्र्याचे वर्षातले दोन हंगाम) यांच्या दरात किती फरक पडतो ते पाहायचं आहे. एका अडत्याच्या ऑफिसातून त्यांची एक्सेल फाइल मिळाली, रोजची तारीख, प्रत, आवक, क्विंटलचा दर असं सगळं आहे.

आता गंमत नाही, खरंच अडकलो आहे. फाइल सीएसव्ही (साधी मजकूर फाइल) म्हणून सेव्ह केली आणि रीड डॉट सीएसव्ही ने वाचली तर दराचा कॉलम कॅरेक्टर, म्हणजे मजकूर म्हणून येऊन राहिला. अॅज डॉट न्यूमेरिक (मजकुराचा आकडा करणारं) केलं तर बहुतेक सगळे एनए, म्हणजे किंमतच नाही, वॉर्निंग येते, आणि एनए सोडून सरासरी काढली तर हजाराच्या खाली येते, जे होऊच शकत नाही कारण चांगल्या मालाचा दर त्याच्या कितीतरी वर आहे. हे घरच्या लॅपटॉपवर, आर ४.३. तोच कोड कॉलेजच्या लॅबमध्ये चालवला, तिथं आर ३.६ आहे, तर एकही एनए नाही आणि सरासरी पन्नासच्याही खाली!! एकच फाइल, एकच कोड.

मग वैतागून एक्सेल फाइलच सरळ रीडएक्सएल पॅकेजनं वाचली, तर दर बरेचसे नीट आले पण तारखेच्या कॉलममध्ये कुठं १३/११/२०२३ आणि कुठं ४४९९६ असे आकडे दिसून राहिले. मित्र म्हणतो एनए वाले रो उडवून टाक, पण मग उरतं काय? काहून होत असेल हे?

धरमपेठ_आर

भाऊ रो उडवू नको, आधी लॅबचं सांगतो. आर ४.० च्या आधी रीड डॉट सीएसव्ही मजकुराचा कॉलम आपोआप फॅक्टर (ठरावीक गटांची, म्हणजे लेव्हलची, यादी) करून टाकायचं, एप्रिल २०२० मध्ये ४.०.० आलं तेव्हा तो डिफॉल्ट बदलला. फॅक्टरवर अॅज डॉट न्यूमेरिक लावलं की आर किंमत देत नाही, लेव्हलचा क्रमांक देते, आणि लेव्हल लागतात मजकुराच्या क्रमानं. म्हणजे समज तीनच दर आहेत, १,२०० आणि २,५०० आणि ९५०, तर १,२०० ला मिळणार १, २,५०० ला २ आणि ९५० ला ३, कारण मजकूर म्हणून ९ शेवटी येतो. सगळ्यात स्वस्त माल सगळ्यात महाग झाला आणि आर ने चूं सुद्धा केलं नाही. त्यामानानं तुझ्या लॅपटॉपवरचे एनए बरे, ते निदान ओरडून सांगतात.

घरी हजाराखालची सरासरी येते तीही स्वल्पविरामामुळेच. १,२०० मध्ये स्वल्पविराम, म्हणून एनए. ९५० मध्ये नाही, म्हणून तो वाचला. एनए गाळून सरासरी काढली की फक्त हलक्या मालाची सरासरी निघते. रीडर पॅकेजचं पार्स नंबर वापर, ते स्वल्पविराम काढतं, आपल्या लाखाच्या पद्धतीचे १,२५,००० सारखे आकडेही नीट घेतं.

प्रतापनगर_ताई

वरचं बरोबर आहे, पण पार्स नंबर सरसकट लावायच्या आधी कॉलम एकदा डोळ्यानं बघ. कुणी दराच्या खान्यात १८००-२२०० असं लिहिलं असेल तर ते पहिला आकडा घेऊन मोकळं होतं, वॉर्निंग पण देत नाही.

तारखेचं जास्त गंभीर आहे म्हणून सविस्तर लिहिते. सीएसव्ही मध्ये एक्सेल ते लिहितं जे स्क्रीनवर दिसतं, आणि रीडएक्सएल ते वाचतं जे खान्याच्या आत साठवलेलं आहे. म्हणून तुझे स्वल्पविराम सीएसव्हीत आले, ते नुसते फॉरमॅटचे होते, आत साधा १२०० च आहे. तारखेचंही तेच. ज्या कॉम्प्युटरवर एंट्री झाली तिथं सेटिंग अमेरिकन असणार, महिना आधी. एंट्री करणाऱ्यानं ०३/११/२०२३ टाकलं, ३ नोव्हेंबर म्हणून, एक्सेलनं ११ मार्च समजून घेतलं. १३/११/२०२३ टाकलं तर तेरावा महिना नसतो म्हणून त्यानं तो नुसता मजकूर ठेवला. फाइल उघडून बघ, मजकूरवाल्या तारखा खान्यात डावीकडे चिकटलेल्या दिसतील आणि बाकीच्या उजवीकडे. ४४९९६ हा एक्सेलचा दिवसांचा क्रमांक आहे, अॅज डॉट डेट मध्ये ओरिजिन (मोजणी सुरू होते तो दिवस) १८९९-१२-३० देऊन बदल, ११ मार्च २०२३ च निघेल.

आता तुझा विषय बघ. अंबियाचा माल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतो, मृगाचा फेब्रुवारी ते एप्रिल. ३ नोव्हेंबरचा अंबियाचा दर ११ मार्चला जाऊन बसला म्हणजे तो मृगात मोजला जाणार. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा तारखांचा माल (११/११ सारखी दिवस-महिना सारखा असलेली तारीख सोडून) असा इकडचा तिकडे होतो, आणि तू ज्या फरकावर प्रोजेक्ट करतोय तोच फरक पुसला जातो. कोड कुठंच अडत नाही, ग्राफ पण छान येतो.

असं कर. रीडएक्सएल मध्ये कॉलम टाइप्स सगळे टेक्स्ट दे, काहीच ओळखू देऊ नको. मग तारखेचे दोन गट कर. ज्यात तिरपी रेघ आहे ते लुब्रिडेट पॅकेजच्या डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) ने. जे पाच आकडी आहेत ते आधी मजकुरातून आकड्यात बदलून, ओरिजिन देऊन तारीख करायचे आणि मग दिवस-महिना अदलाबदल. पण अदलाबदलीच्या आधी एक तपास नक्की कर, पाच आकडी गटातून आलेल्या तारखांमध्ये दिवस १२ च्या वर एकही नको. एक जरी १९ किंवा २५ दिसला तर काही एंट्री दुसऱ्या, भारतीय सेटिंगच्या मशीनवर झाली आहे, आणि मग डोळे झाकून अदलाबदल केली तर बरोबर तारखा पण बिघडतील.

संत्रा_प्रोजेक्ट

ताई खूप खूप धन्यवाद, डावी-उजवीकडचं अगदी तसंच दिसून राहिलं! तपास केला, पाच आकडी गटात दिवस १ ते १२ च आहेत, एकही वर नाही. अदलाबदल केल्यावर मार्चमधला तो विचित्र अंबिया गायब झाला.

पण एक राहिलं, सीएसव्हीनं तर १३/११/२०२३ आणि ३/११/२०२३ दोन्ही सरळच दिले होते, मग तारखेपुरती सीएसव्ही वापरली तर नाही का चालणार? आणि दरात पार्स नंबर नंतर पण काही एनए आहेत, बघितलं तर तिथं मराठी आकड्यांत टाइप केलेले दर आहेत, काही ठिकाणी "बंद" आणि काही ठिकाणी शून्य.

प्रतापनगर_ताई

तुझ्या मशीनवर चाललं कारण तुझंही सेटिंग महिना आधीवालं असणार. तीच फाइल भारतीय सेटिंगच्या कॉम्प्युटरवर उघडून सीएसव्ही केली तर तिथं ११-०३-२०२३ उतरेल आणि तुला कळणारही नाही. म्हणून मूळ एक्सेलच वाच.

धरमपेठ_आर

मराठी आकड्यांना बेस आर मधलं चार-टीआर फंक्शन पुरतं, एका बाजूला शून्य ते नऊ मराठीत, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत, मग पार्स नंबर. विंडोजवर हे घरच्या ४.३ वरच कर, ४.२ पासून आर तिथं यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) वापरते, लॅबच्या ३.६ मध्ये देवनागरी अक्षरांचा त्रास होईल.

"बंद" ला एनए दे. शून्याचं मात्र अडत्याला फोन करून विचार भाऊ, त्या दिवशी लिलाव झाला नाही का माल आलाच नाही का कुणी नोंदच केली नाही. फुकट तर संत्रा कुणी विकला नसेल, पण आवकेच्या कॉलममधला शून्य खरा असू शकतो, तो तसाच ठेवायचा. आणि मूळ फाइलला हात लावू नको, सगळं साफ करणं स्क्रिप्टमध्येच, म्हणजे गाइडनं विचारलं तर ओळ दाखवता येते.